नौपाड्यातलं अरब ज्यूंवरचं व्याख्यान, 250 रुपये वसूल झाले का?

विषय बघून बायको म्हणाली, तुला काय करायचंय त्याचं, तरी गेलो. तिकीट 250, चहा धरून. विषय होता हिटलर-मुसोलिनीच्या काळात अरबी बोलणाऱ्या ज्यूंचं काय झालं. आपल्याला ज्यूंचा छळ म्हटला की युरोपच आठवतो, त्यामुळे मला तर सगळंच नवीन.

बगदादचा भाग एक नंबर. 1932 ला कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरली, तिथे इराककडून आलेले वादक जवळपास सगळे ज्यू, आणि सालेह नि दाऊद अल-कुवैती या भावांची गाणी म्हणजे बगदादकरांची आपली गाणी, ज्यूंची वेगळी असं कोणी धरतच नव्हतं. आणि त्याच बगदादमध्ये जून 1941 मध्ये फरहूद, म्हणजे जर्मनधार्जिणं सरकार पडलं आणि दोन दिवसांत सुमारे 180 ज्यू मारले गेले, पण त्यातच कितीतरी मुसलमान शेजाऱ्यांनी ज्यूंना घरात लपवलं हेही व्याख्यान देणाऱ्या बाईंनी तितक्याच ठामपणे सांगितलं, ते आवडलं, एकाच बाजूचं सांगून टाळ्या घेतल्या नाहीत.

मी खरा हललो ते लिबियाला. तिथे इटलीचं राज्य, 1936 मध्ये त्रिपोलीत दुकानं शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी (शब्बाथ), उघडी ठेवायची असा हुकूम निघाला, ज्यांनी बंद ठेवली त्यातल्या काहींना भर चौकात फटके. आता आपल्याकडे कोकणात बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी ज्यू, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे तर गावाने काय केलं, शनवार तेली असं नाव ठेवलं आणि तेल दुसऱ्या दिवशी नेलं! पुढे 1942 मध्ये बेनगाझीकडच्या ज्यूंना वाळवंटातल्या जादोच्या छावणीत नेलं, अडीच हजारावर माणसं, त्यातली 562 उपासमारीने आणि टायफस तापाने गेली.

आता तक्रारी. स्लाइडवरचा नकाशा तिसऱ्या रांगेतूनसुद्धा दिसत नव्हता. ट्युनिशिया, जिथे जर्मन सैन्य सहा महिने होतं आणि हजारो ज्यू पुरुषांना मजुरीला जुंपलं, तो दहा मिनिटांत उरकला, का तर हॉल आठला सोडायचा होता. चहा पाणचट.

आणि सगळ्यात कहर म्हणजे कार्यक्रम ठेवला शनिवारी पाचला! अरे टेंभी नाक्याला 1879 चं सिनेगॉग आहे, तिथली मराठी बोलणारी ज्यू मंडळी ठाण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहतायत, शब्बाथ सूर्य मावळल्यावर सुटतो एवढं कोणाला विचारावंसं वाटलं नाही? शंभरेक खुर्च्यांत त्यांच्यातलं एकही माणूस नसावं बहुतेक. आयोजकांना नंतर विचारलं तर म्हणे, हो का, लक्षात नाही आलं.

वक्त्या पाचपैकी साडेचार, आयोजन दोन. पुढचा भाग मोरोक्को-अल्जेरियाचा आहे, मी रविवारी ठेवा म्हणून सांगून आलोय. गेलात तर डावीकडे बसू नका, खांब आडवा येतो.