मूनलाइटच्या नावाखाली विकलेली शोभेची पट्टी

रीफ टँकसाठी, म्हणजे प्रवाळं पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, मूनलाइट (रात्री चांदण्यासारखा मंद उजेड देणारा निळा दिवा) घ्यायचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी एवढं वाचा. पुण्यातल्या एका दुकानदाराने मला साडेसहा हजारांना जी वस्तू विकली, ती टीव्हीमागे लावतात तसली एलईडी पट्टी निघाली. बाजारात ती काही शे रुपयांत मिळते.

माणूस गोडबोल्या, आणि त्याचं निम्मं बोलणं खरं. ग्रेट बॅरियर रीफवरची प्रवाळं पौर्णिमेनंतरच्या ठरावीक रात्री एकदम अंडी सोडतात, हे खरंच. लंडनच्या हॉर्निमन म्युझियमने चंद्रकला, तापमान, दिवसाची लांबी या सगळ्याची नक्कल करून टाकीत हे घडवून आणलंय, तेही खरं. मग हळूच पुढचं: 'रात्री निळा लाइट नसेल तर तुमचे झोआ वाढणारच नाहीत. हा कंट्रोलर चंद्राच्या कलेप्रमाणे आपोआप कमी-जास्त होतो. जर्मन माल आहे, साहेब.' झोआ, मशरूम या मऊ प्रवाळांचं दिवसाच्या लाइटवर छान भागतं. रात्री त्यांना अंधारच हवा.

घरी लावला, तर अमावास्येलाही दिवा पौर्णिमेइतकाच लख्ख. फोन केला तर म्हणे, 'सेट व्हायला महिना लागतो.' (तोवर परतीची मुदत संपते, हे त्याने सांगितलं नाही.) खऱ्या पौर्णिमेचं चांदणं 0.1 ते 0.3 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास. मोबाईलवरचं उजेड मोजायचं अ‍ॅप तिथे शून्यच दाखवतं. या दिव्याखाली आकडा चाळीसच्या वर. मध्यरात्री क्लाउनफिशची जोडी टाकीभर हिंडतेय, झोआ धड मिटत नाहीत, काचेवर शेवाळाचा थर. शेवाळाची तक्रार घेऊन गेलो, तर त्याने औषधाची बाटली पुढे केली, वर शेवाळाला पोसणारं फॉस्फेट पाण्यातून काढायची पिशवी. आजारही त्याच्याच दुकानातला आणि दवाही.

ओलाव्याने कंट्रोलरवरच्या स्टिकरचा एक कोपरा सुटला होता. नखाने ओढला, तर खाली दुसरं लेबल: 16 रंग, 44 बटणांचा रिमोट. मग भिंग घेऊन बसलो. प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा, निळा असे तीन बारीक ठिपके. '450 नॅनोमीटर रॉयल ब्लू' म्हणून विकलेल्या दिव्यात लाल-हिरव्याचं काय काम? पट्टीच्या टोकाला तांबं हिरवं पडलेलं, अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण नाही. खाऱ्या पाण्याशेजारी असला अ‍ॅडॉप्टर म्हणजे जिवाशी खेळ.

तेव्हा दुकानातच सांगा, 'कंट्रोलरमध्ये अमावास्येची तारीख टाकून दाखव.' खरा असेल तर दिवा विझायला हवा, निदान मिणमिणता तरी व्हावा. दुकानदार 'घरी गेल्यावर होईल' म्हणाला की उठा. आणि जो 'अ‍ॅक्रोपोरा पण आणून देतो, गुपचूप' म्हणतो, त्याच्याकडून साधं मीठसुद्धा घेऊ नका. अ‍ॅक्रोपोरासारखी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि पकडले गेलात तर तो तुम्हाला ओळखही दाखवणार नाही.

बिल मागितलं तर 'नंतर देतो' म्हणाला होता, ते आलंच नाही. तरी यूपीआयची पावती आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं त्याचं 'जर्मन माल', एवढ्यावर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून घेतली. आता अर्धे पैसे घेऊन मिटवा, असा त्याचा निरोप आलाय. मी पूर्ण मागितलेत, औषधाच्या बाटलीसकट.