म्युनिक की श्टुटगार्ट? टोळक्यानं बिअर प्यायला कुठं जावं

ऑक्टोबरफेस्टहून, म्हणजे म्युनिकच्या बिअरच्या जत्रेहून, आलेला माणूस बिअरबद्दल कमी आणि बाकड्याबद्दल जास्त बोलतो. तिथं तंबूत बसायला जागा नसेल तर सहसा बिअर मिळत नाही. काउंटरवर जाऊन 'एक दे रे' म्हणायची सोय नाही. बाकड्यावर बूड टेकलं की वेट्रेस येणार, ऑर्डर घेणार, पैसे तिथल्या तिथे घेणार. उभे असाल तर तुम्ही तिच्या वाटेतला खांब. त्यामुळे मित्रांचं टोळकं घेऊन जायचं असेल तर पहिला प्रश्न एकच: तुमच्या माणसांना एकत्र बसायला बाकडं कुठं मिळेल?

मी जर्मनीत आल्यापासून तीनदा म्युनिकच्या आणि दोनदा श्टुटगार्टच्या बिअरच्या जत्रेला गेलोय. पुण्या-मुंबईहून येणारे पाहुणे म्युनिकच म्हणतात, कारण नाव तेवढंच ऐकलेलं असतं. इथं नोकरी करणारे दोनचार वर्षांत श्टुटगार्टकडे सरकतात. दोघांचंही बरोबर आहे, पण कारणं वेगळी आहेत.

आधी नावं. म्युनिकच्या मैदानाचं नाव थेरेझियनवीझ, गावातली माणसं जत्रेलाच 'वीझ्न' म्हणतात. तिथं 'ऑक्टोबरफेस्ट' म्हटलंत की तुम्ही बाहेरचे. श्टुटगार्टची जत्रा बाड कानश्टाट भागात नेकार नदीकाठी भरते, नाव कानश्टाटर फोल्क्सफेस्ट, बोलताना नुसतं 'वाझन'. वीझ्न 15 सप्टेंबरनंतरच्या शनिवारी सुरू होतं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी किंवा 3 तारखेला संपतं. वाझन साधारण आठवडाभर उशिरा सुरू होऊन ऑक्टोबरात पुढंपर्यंत चालतं. म्हणजे एकीकडे जमलं नाही तर दुसरीकडे तारीख शिल्लक राहते.

म्युनिकची सुरुवात लग्नातून झाली. 1810 मध्ये युवराज लुडविग आणि थेरेझचं लग्न लागलं, गावाबाहेरच्या कुरणावर घोड्यांची शर्यत झाली, आणि त्या कुरणाला वधूचंच नाव पडलं. श्टुटगार्टची सुरुवात उपासमारीतून. 1815 मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेनं पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली. त्यातून सावरताना वुर्टेम्बर्गच्या राजा विल्हेल्मनं 1818 मध्ये शेतकऱ्यांसाठी हा मेळा भरवला. धान्या-फळांनी सजवलेला उंच खांब, फ्रुख्टझॉइल, आजही मैदानाच्या मध्यावर उभा असतो. लग्नाच्या मांडवात आणि पीक आल्यावर भरणाऱ्या जत्रेत जो फरक असतो, तो इथंही थोडाफार जाणवतो. म्युनिकमध्ये थाट, श्टुटगार्टमध्ये घरचं कार्य.

आता बाकडं.

म्युनिकमध्ये मोठे तंबू चौदा, एकेका तंबूत हजारो माणसं. टेबल दहा जणांचं. रिझर्व्हेशन तंबूच्या मालकाकडेच करायचं, तेही उन्हाळ्याच्या आधी. जागेचे पैसे घेत नाहीत, पण माणशी साधारण दोन लिटर बिअर आणि अर्धी कोंबडी एवढी कुपनं आधीच विकत घ्यावी लागतात. शनिवार संध्याकाळचं टेबल बाहेरगावच्या नवख्या माणसाला मिळणं म्हणजे मुळशीत अजून स्वस्त प्लॉट मिळण्याइतकं. इंटरनेटवर दलाल तीच टेबलं अव्वाच्या सव्वा भावानं विकतात. त्या वाटेला जाऊ नका, दारावर नाव जुळलं नाही तर पैसेही गेले आणि शनिवारही गेला.

रिझर्व्हेशन नसेल तर? काही जागा नियमानं मोकळ्या ठेवाव्या लागतात, त्यासाठी सकाळी लवकर जायचं. शनिवार-रविवारी तंबू नऊला उघडतात. पहिल्या वर्षी आम्ही सहा जण साडेआठलाच रांगेत होतो. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. दार उघडल्याबरोबर सगळे धावले, लोकलमध्ये विंडो सीटसाठी धावतात तसेच. चौघांना एक टेबल मिळालं, दोघं तीन रांगा सोडून ऑस्ट्रेलियन पोरांच्या घोळक्यात अडकले. साडेनऊला समोर एक लिटरचा मग. त्याला 'मास' म्हणतात. आपल्याकडे मास म्हणजे महिना, आणि बिल पाहिल्यावर तेच मनात येतं. काच एवढी जाड की रिकामा मगच सव्वा किलोच्या वर भरतो. आपल्याकडची मोठी बाटली 650 मिलीची. म्हणजे एक मास झाली दीड बाटली, आणि सणासाठी खास काढलेली ही बिअर सहा टक्क्यांच्या आसपास. सकाळी साडेनऊला, उपाशीपोटी. अकराला आमच्यातला सगळ्यात शिस्तीचा माणूस बाकड्यावर उभा होता. (बाकड्यावर चाललं तर चालतं. टेबलावर चढलात की सुरक्षारक्षक थेट बाहेरचा रस्ता दाखवतात.)

दुपारी दोघं सिगरेटसाठी बाहेर गेले आणि परत आत येता आलं नाही. तंबू भरला म्हणून दार बंद. आम्ही आत, ते बाहेर, सगळ्यांचे कोट आमच्याकडे, आणि नेटवर्क गुल. दीड तासानं ते मैदानाच्या कडेच्या बव्हेरिया नावाच्या पुतळ्याच्या पायऱ्यांवर कुडकुडत बसलेले सापडले. एकानं पुतळ्याशेजारच्या उतारावर पडलेल्यांचे फोटो काढले होते. त्या उताराचं स्थानिक टोपणनाव इथं लिहिण्यासारखं नाही, पण तिथं लोक का जातात याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल.

श्टुटगार्टला हा थरार कमी. तिथंही शनिवारी संध्याकाळी बुकिंगशिवाय तंबूत शिरणं अवघड, तिथंही कुपनं घ्यावी लागतात. पण गुरुवार-शुक्रवारचं टेबल मला दोन्ही वेळा दोनतीन महिने आधी मिळालं, सगळ्यांना एकत्र, नावानिशी पाटी लावलेलं. आठ-दहा जणांच्या टोळक्याला याहून मोठं सुख नाही. एक खबरदारी घ्या: फुटबॉलचं स्टेडियम मैदानाला लागून आहे. त्या शनिवारी श्टुटगार्टची घरच्या मैदानावर मॅच असेल तर दोन्ही गर्द्या एकाच स्टेशनवर उतरतात. तारीख ठरवायच्या आधी मॅचचं वेळापत्रक बघा.

माहोल कुठं बरा, यावर मात्र आमच्यात अजून भांडण होतं. म्युनिकमध्ये दुपारभर बँड बव्हेरियन वाजंत्री वाजवतो, खरी गाणी संध्याकाळी सुरू होतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी 'आइन प्रोझिट'ची धून येते, सगळा तंबू उभा राहतो, मगावर मग आपटतात, बसतात. हे दिवसभरात पंचवीस वेळा झालं की परक्या देशातही आपलं काहीतरी आहे असं वाटायला लागतं. श्टुटगार्टला सुरुवातच पार्टीनं होते. गर्दी तरुण, जवळपासच्या गावांतली, सगळ्यांना सगळी गाणी तोंडपाठ. जर्मन येत नसेल तर दोन तास मजा वाटते, मग आपण लग्नात कुणीच ओळखीचं नसलेल्या पाहुण्यासारखे टाळ्या वाजवत बसतो. म्युनिकमध्ये उलट: अर्धा तंबू परदेशी, त्यामुळे कुणीच परका नाही. हॉफब्रॉय ब्रुअरीच्या तंबूत तर इंग्रजीच जास्त ऐकू येते.

श्टुटगार्टला मराठीही कानावर पडते. मर्सिडीज आणि बॉशचं गाव, चाकणहून इथं ये-जा करणारे कितीतरी. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून जुळी शहरं आहेत. मागच्या खेपेला मागून 'अरे सरक ना जरा' ऐकलं आणि सवयीनं सरकलो; मग वळून पाहिलं तर तो माझ्याशी बोलतच नव्हता.

बिअरची चव? म्युनिकमध्ये शहरातल्या सहाच ब्रुअरींची बिअर विकता येते: ऑगस्टिनर, हाकर-प्शोर, हॉफब्रॉय, लोवेनब्रॉय, पाउलानर, श्पाटेन. यातली ऑगस्टिनर लाकडी पिंपातून येते, आणि ती खरंच मऊ लागते. एकच तंबू निवडायचा झाला तर मी तो निवडेन. श्टुटगार्टला डिंकेलआकर, श्वाबेनब्रॉय, श्टुटगार्टर हॉफब्रॉय. चांगल्या आहेत, पण घरी आल्यावर आठवत नाहीत. उलट तिथं वाईन मिळते, आसपासच्या टेकड्यांवर द्राक्षाचे मळेच आहेत. बिअर न आवडणारा एखादा मित्र असेल तर तो श्टुटगार्टला खुश राहील.

मगातल्या फेसाकडे लक्ष ठेवा. काचेवर लिटरची रेघ असते आणि बिअर बऱ्याचदा तिच्या खाली असते. म्युनिककरांनी कमी भरलेल्या मगांविरुद्ध चक्क एक संस्था काढली आहे, एवढा हा जुना आणि गंभीर वाद. कमी भरलेला मग वेट्रेसला परत दाखवला तर ती वर भरून देते, पण एका हातात पाच-सहा मग घेऊन धावणाऱ्या बाईला थांबवायची हिंमत आमच्यात फक्त एकाची झाली, आणि त्याला पुढची मास अर्ध्या तासानं मिळाली.

खर्च. 2025 मध्ये म्युनिकला मास 14.50 ते 15.80 युरो होती. टिप धरून सोळा-सतरा सुटतात, माणशी तीन म्हटल्या तर पन्नास इथंच गेले. श्टुटगार्टच्या तंबूत भाव फार वेगळा नाही; 'तिथं स्वस्त' हे ऐकून जाल तर निराश व्हाल. स्वस्त पडतं ते राहणं. त्या पंधरा दिवसांत म्युनिकचे हॉटेलवाले दर असे वाढवतात की बिअर फुकट वाटावी. आम्ही आउग्सबुर्गला राहायचो, रिजनल ट्रेननं पाऊण तास. श्टुटगार्टला एसलिंगनला राहा, एस-बान, म्हणजे तिथली लोकल, तिची एस-1 थेट बाड कानश्टाटला आणते, आणि सकाळी ते जुनं गाव पाहून होतं. रोख पैसे दोन्हीकडे जवळ ठेवा. म्युनिकला मोठी बॅग नेऊ नका: तीन लिटरपेक्षा मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. 26 सप्टेंबर 1980 ला मुख्य दारापाशी बॉम्बस्फोट झाला होता, तिथं स्मारक आहे. आत जाताना दोन मिनिटं थांबा.

शाकाहारी मित्रांची सोय आता दोन्हीकडे आहे. म्युनिकला भलामोठा ब्रेझन (गाठ मारलेला खारा पाव) आणि ओबाट्झ्डा नावाचं लोणी-चीज-पापरिकाचं मिश्रण, तेवढ्यावर दिवस निघतो. श्टुटगार्टला केझेश्पेत्सले, म्हणजे चीज घातलेल्या शेवयांसारखा प्रकार, वर तळलेला कांदा. त्यात हिरवी मिरची हवी होती, पण ती कुठंच मिळत नाही. शहाणी माणसं खिशात चिली फ्लेक्सच्या पुड्या घेऊन येतात.

पाळण्यांसाठी जायचं असेल तर मात्र म्युनिक, तिथं चर्चा नको. 1910 पासूनचं टॉयफेल्सराड नावाचं चाक आहे: गुळगुळीत लाकडी तबकडीवर माणसं बसतात, ती फिरायला लागते, एकेक जण घसरून कडेला आपटतो, शेवटपर्यंत टिकलेल्याला दोरी आणि चेंडू मारून पाडतात. माइकवरचा माणूस अस्सल बोलीत प्रत्येकाची खिल्ली उडवतो. आम्ही पाचव्या सेकंदाला पडलो, आणि पुढचा तासभर बाकीच्यांना पडताना पाहत बसलो. बिअरशिवाय इतकं हसलेलो मला आठवत नाही.

माझा कौल असा. तीन-चार जण असाल, भारतातून पहिल्यांदा कुणी आलं असेल, आणि मंगळवार-बुधवारची सुट्टी टाकता येत असेल, तर म्युनिक. दुपारी एकला जा, बसायला मिळेल. सहाच्या वर माणसं असतील आणि शनिवार-रविवारच मोकळा असेल, तर श्टुटगार्ट, शुक्रवारी संध्याकाळपासूनच. न्युर्नबर्गच्या बाजूला राहत असाल तर दोन्ही सोडून मे-जूनमधलं एर्लांगनचं बेर्गकिर्खवाय बघा: 1755 पासूनचं, टेकडीवर झाडांखाली, तंबूशिवाय, शेवटच्या दिवशी शेवटचं पिंप पुरतात. तिथं पाऊस आला की सगळं संपलं, पण नाही आला तर दोघांपेक्षाही बरं.

म्युनिकला वीझ्नचा दुसरा शनिवार-रविवार कटाक्षानं टाळा. तो इटालियन लोकांचा, आल्प्स ओलांडून गाड्याच्या गाड्या येतात. 27 सप्टेंबर 2025 ला त्याच शनिवारी गर्दी एवढी झाली की मैदान काही वेळ बंद करावं लागलं.

आमच्यातला एक जण सणवार पाळणारा आहे. 2026 मध्ये वीझ्न 19 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर. पहिला शनिवार-रविवार गणपतीत, शेवटचा पितृपक्षात. विसर्जन 25 ला, पक्ष 27 ला सुरू. मध्ये त्याला एकच शनिवार मोकळा मिळतो, 26 सप्टेंबर. तोच दुसरा शनिवार. त्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, 'मग इटालियन शिकतो.'