एलसी होती, तरी ३,८४,००० डॉलर गेले

एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद मिळाले की सप्लायरला पैसे देण्याची बँकेची हमी) उघडली म्हणजे पैसे सुरक्षित, असं मानणाऱ्या प्रत्येक आयातदारानं हे वाचावं. ४८ टन तांब्याचं भंगार, टनाला ८,००० डॉलर, दोन कंटेनर, अ‍ॅट साइट एलसी, म्हणजे कागद दाखवताच पैसे. पैसे पूर्ण गेले. माल आलाच नाही, कारण तो जहाजावर चढलाच नव्हता. बीएल (बिल ऑफ लेडिंग, माल जहाजावर चढल्याची शिपिंग लाइनची पावती) बनावट होतं.

घोळ एलसीच्या अर्जातच झाला. वजनाचा आणि दर्जाचा दाखला कुणी द्यायचा, तर सप्लायरनंच! त्रयस्थ कंपनीच्या इन्स्पेक्शनची अट काढा, टनामागे ६० डॉलर कमी करतो, असं तो म्हणाला. २,८८० डॉलर वाचत होते. ही हाव नव्हती. आधीचे दोन लहान सौदे त्यानं चोख केले होते, आणि अशी घासाघीस या धंद्यात रोज चालते.

पण बीएलचा स्कॅन आला त्या दिवशी कळायलाच हवं होतं. शिपिंग लाइनच्या साइटवर नंबर टाकला, नोंद सापडली नाही. "सिस्टीम अपडेट व्हायला ४८ तास लागतात," सप्लायर म्हणाला आणि आम्ही गप्प बसलो. का बसलो? बीएलवरचा कंटेनरचा नंबर नीट पाहिला असता तरी पुरे होतं. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी एक पडताळणीचा अंक. अक्षरांना ठरलेल्या किमती द्यायच्या, त्या आणि सहा आकडे ओळीनं १, २, ४, ८ असं दुप्पट वाढत्या गुणकांनी गुणून बेरीज करायची, ११ ने भागायचं, उरेल ती बाकी म्हणजे तो अंक. बाकी १० आली तर ०. हिशोबानं ४ येत होता, छापला होता ९. दहा मिनिटांचं काम! कागद बँकेत पोचायला अजून सहा दिवस होते. तेवढ्यात लाइनकडून लेखी उत्तर घेऊन कोर्टाकडून पेमेंटला मनाई मागता आली असती. लाइनचा पत्ता मात्र बीएलवरचा घेऊ नका, स्वतः शोधा.

बँकेचं उत्तर एका ओळीचं: कागद अटींप्रमाणे आहेत. यूसीपी ६००, म्हणजे एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम, त्यांच्या कलम ५ नुसार बँक कागद बघते, माल नाही; कलम ३४ नुसार कागद खोटा निघाला तरी जबाबदारी तिची नाही. नियम मान्य. पण एलसी उघडताना हे कुणी तोंडानं सांगितलं? कमिशन मात्र आगाऊ कापलं. पोलीस म्हणाले, व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. सप्लायरच्या देशातल्या पोलिसांनी मूळ कागद मागितले, ते कुरिअरनं पाठवले, पोच नाही. विमा कंपनी म्हणते, माल चढलाच नाही तर विमा सुरूच झाला नाही. प्रत्येक जण दुसऱ्या दाराकडे बोट दाखवतो आणि दर वेळी तीच फाइल नव्यानं द्यावी लागते.

इंटरनॅशनल मेरीटाइम ब्युरो ही समुद्री व्यापारातल्या फसवणुकीवर काम करणारी संस्था, ते बीएलची पडताळणी करून देतं, हे नंतर कळलं. बीएलवरच्या तारखेला जहाज खरंच त्या बंदरात होतं का, तेही बघा. आणि एलसीच्या मसुद्यातली ४६ए ही ओळ, म्हणजे लागणाऱ्या कागदांची यादी, स्वतः वाचा: इन्स्पेक्शन कंपनीचं नाव तिथं लिहिलेलं नसेल, तर सही करू नका.