कराटे की ज्युडो, खऱ्या मारामारीत काय कामाला येतं?

सेल्फ डिफेन्ससाठी काय शिकू असं विचारलं की बहुतेकांच्या तोंडी आधी कराटेच येतं, पण माझं मत ज्युडोला. कारण रांदोरी. म्हणजे समोरचा पूर्ण ताकदीनं विरोध करतोय, पडायला अजिबात तयार नाहीये आणि तरी त्याला पाडायचंय, हा सराव तिथे नेहमीचाच. जिगोरो कानोनं १८८२ मध्ये ज्युडो सुरू केलं तेव्हा धोकादायक प्रकार यातून बाजूला ठेवले, म्हणून तर बाकीचं जोर लावून करता येतं.

कराटेतले काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे एकट्यानं करायचे क्रम, दिसायला झकास, पण समोर कोणीच नसतं ना! पॉइंट स्पारिंगमध्ये, म्हणजे गुणांसाठीच्या लढतीत, पॉइंट मिळाला की रेफरी थांबवतो, रस्त्यावर कोण थांबवणार? क्योकुशिन हा कराटेचाच पूर्ण जोरानं मारायचा प्रकार मात्र वेगळा, तिथे सणसणीत मार खायची सवय होते, फक्त तोंडावर पंच मारायला बंदी, त्यामुळे डोकं झाकायची सवय राहत नाही.

आता समजा कोणी कॉलर धरली. ज्युडोवाला त्याचीच बाही पकडून, त्याला मागे ढकलत पायामागून पाय मारणार, या डावाला ओसोतो गारी म्हणतात, आणि खाली फरशी असेल तर विषयच संपला (डोकं आपटलं तर पोलीस केस, ते वेगळंच). तेवढ्या जवळून कराटेवाल्याला नीट लाथ मारायला जागाच नसते. पण समोर दोघं-तिघं असले तर एकाला धरून बसणं महागात पडतं, तिथे गुडघ्याखाली एक लाथ घालून पळायचं, कराटे भारी. आणि समोरचा उघडा किंवा पातळ टीशर्टात असला तर ज्युडोची निम्मी ग्रिप गेलीच.