केअर सेंटरची फुकट "तुलना" करून देणाऱ्याने आमचे 86,240 रुपये खाल्ले, कृपया पूर्ण वाचा

ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे आणि जे छोट्या शहरात केअर सेंटर शोधतायत त्यांच्यासाठी लिहितेय. लिहू नकोस, चारचौघांत तमाशा नको असं घरचे म्हणतायत, पण मी गप्प बसले तर तो माणूस उद्या दुसऱ्याच्या बापाला तिथेच नेऊन टाकणार, म्हणून लिहितेय.

माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय 78, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, नाकात नळी. हॉस्पिटलवाले म्हणाले आता इथे ठेवून उपयोग नाही, घरी न्या. आई नाही, दादा बेंगळुरूला, माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि नोकरी सोडली तर हप्ते कोण भरणार. मुलीने बापाला आश्रमात टाकलं असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी आधी 70 किलोच्या माणसाला दर दोन तासांनी एकट्याने कुशीवर वळवून बघावं मग बोलावं.

हॉस्पिटलच्या वॉर्डबॉयनेच एक नंबर दिला. "सिनियर केअर कन्सल्टंट". फोनवर इतका गोड माणूस, ताई तुम्ही काही टेन्शन घेऊ नका, आम्ही फ्री सर्व्हिस देतो, शहरातली सगळी सेंटर बघितलेली आहेत, कंपेअर करून देतो. तासाभरात व्हॉट्सॲपवर चार्ट आला. तीन सेंटर, रेट, डॉक्टर व्हिजिट, नाईट नर्स, फिजिओ, बेड आहे की नाही, सगळे रकाने नीट भरलेले. पहिलं 32,000 महिना, डॉक्टर फक्त ऑन कॉल. दुसरं 19,000, पण बेड शिल्लक नाही आणि स्वच्छतेच्या तक्रारी. तिसरं 24,500, सगळीकडे हिरव्या टिका. डिस्चार्ज दुसऱ्या दिवशी होता. कोण नाही म्हणेल सांगा? सगळं ठरवून आलेलं होतं, आणि आमच्याकडे वेळ नाही हे त्या वॉर्डबॉयकडून त्याला आधीच कळलेलं होतं, त्याच्यावरच हा सगळा धंदा चालतो.

त्याच रात्री "बेड ब्लॉक करायला" 5,000 रुपये यूपीआयने घेतले, महिन्याच्या बिलात वळते करू म्हणाला. नाव आलं ते त्याचं स्वतःचं, सेंटरचं नाही. विचारलं तर म्हणे सेंटरचं करंट अकाउंट मेंटेनन्सला आहे.

आता जी गोष्ट मला आजही झोपू देत नाही ती सांगते. अण्णांना ॲम्ब्युलन्समधून नेलं. खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, स्ट्रेचर पॅसेजमध्ये, अण्णा कण्हतायत, आणि मी काउंटरवर सही करतेय. 500 च्या स्टॅम्पपेपरवर सात पानी इंग्रजी करार. डिपॉझिट 60,000 आणि पहिला महिना 24,500 ॲडव्हान्स, म्हणजे 84,500 तिथल्या तिथे भरले. मी पावती मागितली. काउंटरवरची मुलगी म्हणाली सर, किल्ली तुमच्याकडेच आहे. आणि आमच्यासोबत आलेल्या त्या कन्सल्टंटने स्वतःच्या पँटच्या खिशातून जुडगा काढला, बरोबर दुसरी लहान किल्ली निवडली, टेबलाचा ड्रॉवर उघडला, पावतीबुक काढलं, कार्बन सरकवला आणि पावती फाडून दिली. माझ्या डोळ्यांसमोर! जो माणूस तीन सेंटरची निःपक्ष तुलना करतोय म्हणतो त्याच्या खिशात एका सेंटरच्या ड्रॉवरची किल्ली कशी? हा एकच प्रश्न तेव्हा तोंडातून निघाला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण बाप स्ट्रेचरवर कण्हत असताना किल्ल्या मोजत कोण उभं राहतं.

त्याच काउंटरच्या मागे सोनेरी फ्रेममध्ये सर्टिफिकेट लावलेलं होतं. मी फोटोही काढला होता, दादाला पाठवायला. कन्सल्टंट बोट दाखवून म्हणाला, गव्हर्नमेंट रजिस्टर्ड आहे ताई, निर्धास्त राहा. नंतर फोटो झूम करून वाचला तर ते उद्यम नोंदणीचं सर्टिफिकेट. ते कुठल्याही छोट्या धंद्याला आधार आणि पॅन टाकून ऑनलाइन फुकट मिळतं. त्याचा पेशंटशी, नर्सशी, औषधांशी काडीचा संबंध नाही. शेजारी दुसरा कागद होता तो शॉप ॲक्टचा. महाराष्ट्रात 2017 च्या कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असले तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, त्याचीच पावती फ्रेम केलेली. बघायला कोणी येत नाही. तुम्ही बघायचा तो कागद म्हणजे नर्सिंग होम नोंदणीचं सर्टिफिकेट, 1949 च्या कायद्याखालचं, ते दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, आणि त्यावरची मुदत संपलेली नाही ना हेही बघा. ट्रस्ट आहे म्हणाले तर ट्रस्टचा नोंदणी नंबर घ्या आणि धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाइटवर टाकून बघा.

पुढचं थोडक्यात. भेटायची वेळ फक्त सकाळी 11 ते 12. त्या तासात चादर नेहमी धुतलेली, अण्णांना पावडर लावलेली. वळवून बघू द्या म्हटलं तर आत्ताच वळवलंय, झोपू द्या. एका रविवारी पेशंट सांभाळणारी तिथली मावशी आली नव्हती म्हणून मीच वळवलं तर माकडहाडावर जखम, तीन बोटं मावतील एवढी, कडा काळ्या, आणि घाण वास. बेडसोर एका दिवसात एवढा होत नाही. कुशी बदलल्याची नोंदवही मागितली तर वहीच नाही. एअर मॅट्रेस होती पण तिचा पंप प्लगमधून काढलेला, रात्री आवाज येतो म्हणून. शेजारच्या कॉटवरच्या काकांनी मी वाकले तेव्हा हळूच सांगितलं की रात्री एकच बाई असते, सगळ्या मजल्याला, आणि फिजिओवाला पोरगा एकदाच येऊन पाय हलवून गेला.

आणि बिल बघा. नर्सिंग चार्ज रोज 350 प्रमाणे 10,500. ही "नर्स" म्हणजे माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोकडून आणलेली मावशी, नर्सिंगचा जीएनएम किंवा एएनएम कोर्स केलेली नाही, आणि यात मावशीची काही चूक नाही, तिला जे शिकवलंच नाही ते ती कुठून करणार. फिजिओ 12 सेशन 6,000. डायपर 3,840, जे मी स्वतः पाकिटं नेऊन देत होते तरी. बायोमेडिकल वेस्ट 900. एकूण 21,240, तेही महिन्याचे 24,500 सोडून वेगळे. चार्टमध्ये हे सगळं "इन्क्लूडेड" होतं, हिरवी टिक होती. मी तो चार्ट दाखवला तर मॅनेजर म्हणतो हा आमचा कागदच नाही, ज्यांनी दिला त्यांना विचारा. आणि पेशंटला न्यायचं असेल तर आधी बिल क्लिअर करा. अण्णा आत अडकलेले, भरले मी.

अण्णांना त्याच आठवड्यात हलवलं. डिपॉझिटचं काय? नोटीस दिली नाही म्हणून एक महिन्याचे 24,500 कापले, "रूम रिस्टोरेशन" 8,000 कापले, उरलेले 27,500 नव्वद दिवसांत देऊ म्हणाले. नव्वद दिवस उलटून गेले, फोन उचलत नाहीत. बुकिंगचे 5,000 बिलात वळते केलेच नाहीत. 60,000, 5,000 आणि 21,240, करा बेरीज.

नंतर चार्टमधल्या बाकी दोन ठिकाणी मी स्वतः फोन केला. 32,000 वालं सेंटर प्रत्यक्षात 26,000 घेतं, रात्री शिकलेली सिस्टर असते, फिजिओ त्यातच. 19,000 वाल्याकडे पूर्ण महिनाभर बेड रिकामे होते. दोघांनीही सांगितलं की त्या कन्सल्टंटला आम्ही कमिशन द्यायला नाही म्हणालो म्हणून तो आमच्याबद्दल असं लिहितो. एक फोन करा लोकहो, प्रत्येक सेंटरला स्वतः, आणि तोंडी सांगितलेला रेट मेसेजवर लिहून मागा, त्यात काय काय येतं हे एकेक विचारून.

आता ऑफिसांचं ऐका. पोलीस स्टेशनला गेले तर म्हणे सही केलीय ना, मग सिव्हिल मॅटर आहे. मी म्हटलं खोटा चार्ट दाखवून पैसे घेतले, नोंदणी नसताना गव्हर्नमेंट रजिस्टर्ड सांगितलं, ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 ची फसवणूक नाही तर काय आहे? साहेब म्हणाले मॅडम तुम्ही वकील आहात का. शेवटी एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून घेतली आणि पाठवून दिलं. पालिकेच्या आरोग्य विभागात म्हणाले वृद्धाश्रम आमच्याकडे येत नाहीत, समाजकल्याणला जा. समाजकल्याणमध्ये म्हणाले अनुदान घेणारी संस्था असेल तरच आमचा संबंध, ही खाजगी आहे. प्रांत ऑफिसात सांगितलं की 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा न सांभाळणाऱ्या मुलांविरुद्ध आहे, सेंटरविरुद्ध नाही, आणि तिथल्या क्लार्कने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, मग तुम्ही का नाही ठेवलं वडिलांना घरी? सगळ्या रांगेसमोर. मला उत्तर देता आलं नाही, घसा दाटला, पण इथे देते: मी बापाला रस्त्यावर सोडलं नव्हतं, महिन्याला 24,500 मोजून सांभाळायला दिलं होतं!

आणि सगळ्यात संतापजनक म्हणजे परत आरोग्य विभागात गेल्यावर मिळालेलं उत्तर. त्यांची नर्सिंग होम म्हणून नोंदणीच नाही, त्यामुळे ते आमच्या अखत्यारीत येत नाहीत. अहो, नोंदणी नाही हीच तर तक्रार आहे! कायद्यातली व्याख्या मी प्रिंट काढून नेली होती, आजारी, जखमी किंवा अशक्त माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा करण्याची जागा म्हणजे नर्सिंग होम. नळीने अन्न देतात, कॅथेटर घालतात, इंजेक्शन देतात, अजून काय हवं? बोर्डावर "केअर सेंटर" लिहिलं की सुटका. ज्येष्ठ नागरिकांच्या त्या 2007 च्या कायद्यात बदल करायला 2019 मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं, त्यात अशा सगळ्या केंद्रांची नोंदणी होती, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे पानटपरीला जेवढे नियम आहेत तेवढेही यांना नाहीत, आणि आत माणसं सडतायत.

म्हणून काय करायचं ते स्वतःच करा. दुपारी अपॉइंटमेंट घेऊन दाखवतात ते सेंटर बघू नका, रात्री नऊनंतर न सांगता जा, गेट उघडतात का बघा, किती पेशंटला किती जण आहेत मोजा. भेटायला हव्या त्या वेळी येऊ देत नाहीत ते सेंटर बाद. एखाद्या पेशंटच्या पांघरुणाखालच्या टाचा बघा, पडून पडून जखमा झाल्यात का ते तिथे कळतं. सिस्टरचा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नंबर मागा. डॉक्टर व्हिजिट म्हणतात तर त्या डॉक्टरचं नाव घ्या आणि त्यांच्या क्लिनिकमध्ये जाऊन विचारा. करार आदल्या दिवशी घरी मागून घ्या, मराठीत द्या म्हणा, डिपॉझिट किती दिवसांत परत हे आकड्यात लिहून घ्या. पैसे फक्त संस्थेच्या खात्यावर. ॲम्ब्युलन्स खाली उभी असताना सही अजिबात नाही, लागला तर हॉस्पिटलचा एक दिवस जास्त भरा, तो स्वस्त पडतो.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे, 2019 च्या ग्राहक कायद्याखाली. पाच लाखांपर्यंतच्या सेवेला फी लागत नाही, वकीलही लागत नाही, दोन वर्षांच्या आत मात्र करावी लागते. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर घेतला. ज्येष्ठांसाठी 14567 आहे, तोही घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. चार्टचा स्क्रीनशॉट, यूपीआयची नोंद, पावती, जखमेचे तारखेसकट फोटो आणि दुसऱ्या डॉक्टरांनी बेडसोरबद्दल लिहून दिलेला कागद असं सगळं जोडलंय. जखम भरायला अजून वेळ लागेल म्हणतात, रोज ड्रेसिंग चालू आहे, दादाने सुट्टी टाकलीय.

तीन सेंटरचा, हिरव्या टिकांचा असाच चार्ट आणखी कोणाला आला असेल तर तो डिलीट करू नका. एकाच प्रकारे फसलेले ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात, आणि तसे आणखी दोघं जण मिळाले तर पोलिसांनाही सिव्हिल मॅटर म्हणून हात झटकता येणार नाहीत.