मामाचारी घेताना आधी मागचा ब्रेक बघा

टोकियोच्या कुठल्याही वस्तीत दहा मिनिटं चाललात की पुढे टोपली आणि मध्ये आडवा दांडा नसलेली सायकल दारोदारी उभी दिसते. बोलीत तिला मामाचारी म्हणतात. यातला ‘मामा’ म्हणजे आई. किराणा, मुलं आणि स्टेशन या तीन कामांसाठीच ती घडली आहे. वजन १८ ते २० किलोच्या आसपास, चाकं बहुतेक २६ किंवा २७ इंची. वेगात पळवायला ती नाहीच, पण रोजच्या वापराला इतकं बिनतक्रार वाहन दुसरं नाही. अट एकच, मागचा ब्रेक नीट पारखून घ्या.

स्वस्तातल्या मामाचारीला बँड ब्रेक असतो. हबवरच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावरच्या, लोखंडी ड्रमभोवती पट्टा आवळला जातो आणि चाक थांबतं. नवी असताना तो ठीक चालतो. पुढे ड्रम गंजतो, पट्ट्याचं अस्तर घासून गुळगुळीत होतं आणि दर ब्रेकला अख्खी गल्ली वळून बघेल अशी किंकाळी सुरू होते. आवाज घालवायला काही जण तेल सोडतात. तसं कधीही करू नका, ब्रेकच लागणार नाही. नवा पट्टा टाकला तरी आवाज बहुधा परततो. त्यापेक्षा ड्रमसकट सर्वो ब्रेक, म्हणजे ड्रमला बाहेरून नाही तर आतून दाबणारा ब्रेक, बसवून घ्यावा, तो सहसा त्याच हबवर बसतो. तिसरा प्रकार रोलर ब्रेक, तो सर्वांत शांत, पण त्याचं हबच वेगळं असल्यामुळे तो नंतर बदलून घालणं परवडत नाही. तोही करकरू लागला, तर आतलं खास ग्रीस संपलंय असं समजा. ते भरायला ब्रेकवरच छोटं भोक दिलेलं असतं.

दुसरं दुखणं हवेचं. टायर पुन्हा पुन्हा बसतो, तेव्हा दर वेळी पंक्चरच असतं असं नाही. व्हॉल्व्हच्या आतल्या सुईवर रबराची बारीक नळी असते, आपल्याकडची व्हॉल्व्ह ट्यूब तीच. जपानी दुकानात ‘मुशीगोमू’ म्हणून मागा. वर्षभरात ती चिरते किंवा चिकट होते. वरची चकती सोडवून सुई बाहेर काढा, जुनं रबर पूर्ण खरवडा, नवं पाण्यात ओलं करून पार वरच्या कडेपर्यंत चढवा. सुईवरचा उंचवटा व्हॉल्व्हच्या खाचेत बसला की चकती हातानेच आवळा. महिन्यातून एकदा हवा भरलीच पाहिजे. हवा कमी असली की फुटपाथची कड चढताना ट्यूब रिमखाली चेंगरते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

मागच्या चाकाचं गोल कुलूप मात्र अफलातून आहे. खटका दाबला की दांडी स्पोकमधून आरपार जाते आणि चावी सुटते. कुलूप उघडं असताना चावी निघतच नाही, त्यामुळे ती घरी विसरून सायकल बाहेर काढता येत नाही. पण कुलूपबंद सायकल उचलून नेता येते, म्हणून स्टेशनवर सोबत केबलही लावा.

दिवा हब डायनामोचाच, म्हणजे चाकाच्या हबमध्येच वीज तयार होणारा, घ्या. टायरला घासणारा डायनामो पेडल जड करतो आणि पावसात घसरतो. कोतो, सुमिदासारख्या सपाट भागात बिनगिअरची चालून जाते. बुनक्योच्या चढांवर तीन गिअर हवेतच, आणि मूल मागे बसणार असेल तर बॅटरीची. बॅटरीची मदत कायद्यानेच ताशी २४ किलोमीटरला थांबते. मुलाची सीट लावायची तर कॅरिअरवर ‘क्लास २७’ हा शिक्का शोधा, नसेल तर ती सीट लावू नका. आणि दोन पायांचा स्टँड कितीही भक्कम वाटला, तरी मूल वर बसलेलं असताना हँडल सोडू नका.

नवी घेताना दुकानातच चोरीविरोधी नोंदणी करून घ्या, ती सक्तीची आहे. जुनी घेत असाल तर आधीच्या मालकाने त्याची नोंदणी रद्द केली आहे का हे विचारा आणि सायकल दिल्याचा लेखी कागद घ्या. पोलिसांनी रस्त्यात थांबवून क्रमांक तपासला आणि तो दुसऱ्याच्या नावावर निघाला, तर उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात.