कोविडची ट्रेसिंग अ‍ॅप्स: उशिरा दिलेले स्टार

कोविड झालेल्याच्या जवळ कोण कोण आलं होतं ते ब्लूटूथवरून शोधणारी ही अ‍ॅप्स चालू होती तेव्हा शांतपणे रिव्ह्यू लिहायच्या मूडमध्ये कोणीच नव्हतं, आता बहुतेक सगळी बंद झालीत तर हिशोब करूया.

आधी उपयोगाचं. ब्लूटूथला अंतर कळत नाही, सिग्नल किती जोरात येतोय एवढंच कळतं, त्यामुळे भिंतीपलीकडचा शेजारीही कॉन्टॅक्ट ठरू शकतो. शिवाय समोरच्याकडेही अ‍ॅप पाहिजे. निम्म्या लोकांनी घेतलं तरी भेटलेल्या दोघांकडेही ते असायची शक्यता साधारण २५ टक्केच, म्हणजे सरकारांना जबरदस्तीचा मोह का होतो ते इथे कळतं.

आरोग्य सेतूचं तेच झालं. २ एप्रिल २०२० ला आलं, ब्लूटूथ प्लस जीपीएस, आणि १ मेच्या आदेशात गृहमंत्रालयाने सरकारी-खाजगी सगळ्या कर्मचाऱ्यांना सक्तीचं केलं. आधार काय तर आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, ज्यात अ‍ॅपचा उल्लेख असायचा प्रश्नच नाही. १७ मेला सक्ती सैल केली, पण वेगळा कायदा शेवटपर्यंत झाला नाही, डेटा कसा हाताळायचा याचा नुसता एक प्रोटोकॉल (नियमावली) काढला. सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या नऊ न्यायाधीशांच्या प्रायव्हसी निकालानुसार सरकारला खाजगीपणात हात घालायचा तर आधी कायदा हवा, मग योग्य हेतू, मग गरजेपुरताच हस्तक्षेप. हेतू चांगला होता हो, पण पहिल्याच पायरीवर गाडी अडकते ना. नंतर लसीचं सर्टिफिकेट काढायला अ‍ॅप मस्त चाललं, पण ते त्याचं मूळ कामच नव्हतं!

सिंगापूरवाल्यांनी त्यांचं अ‍ॅप ट्रेसटुगेदर फक्त ट्रेसिंगसाठी म्हणून लोकांना दिलं आणि जानेवारी २०२१ मध्ये संसदेत सांगितलं की पोलीसही हा डेटा मागू शकतात. मग ओरड झाल्यावर पुढच्या महिन्यात कायदा करून ते ठराविक गंभीर गुन्ह्यांपुरतं ठेवलं. माझ्या मते हे सगळ्यात वाईट, कारण लोकांनी एका गोष्टीला हो म्हटलं आणि निघालं भलतंच.

ऑस्ट्रेलियाचा कायदा मात्र फर्स्टक्लास, डेटा दुसऱ्या कामाला वापरणं गुन्हा, अ‍ॅपची सक्ती करणंही गुन्हा. आणि त्यांच्या कोविडसेफ अ‍ॅपने केलं काय, तर माणसांनी फोन करून शोधले नव्हते असे फक्त २ पॉझिटिव्ह शोधले. कायद्याने अ‍ॅप चालत नाही हेही खरंय 😄

ब्रिटनने आधी सगळा डेटा एकाच जागी जमा करणारं सेंट्रल सर्व्हरवालं अ‍ॅप करून बघितलं, जमलं नाही, मग अ‍ॅपल-गूगलची पद्धत घेतली ज्यात कोण कोणाला भेटलं ते फोनमध्येच राहतं. इंग्लंड-वेल्समध्ये २०२० च्या शेवटच्या तीनेक महिन्यांत याने अंदाजे २.८४ ते ५.९४ लाख केसेस टळल्या असा अभ्यास नेचर या विज्ञान नियतकालिकात आला. अंदाजच आहे तो, आकड्यांमधला फरक बघा केवढा, पण कमी माहिती घेऊनही काम होतं एवढं नक्की दिसतं. अर्थात अलर्ट आल्यावर टेस्ट मिळाली पाहिजे आणि घरी बसलं तर पगार बुडता कामा नये, नाहीतर नोटिफिकेशन स्वाइप करून माणूस कामाला जाणारच.

आणि सांडपाण्याची तपासणी कोणी धरतच नाही यात. कोणाचं नाव नाही, नंबर नाही, परवानगीचं पॉपअप नाही, तरी एखाद्या भागात व्हायरस वाढतोय का ते कळतं. कोणाला झालाय ते नाही कळत, पण वॉर्निंगला पुरे.

तर स्टार: सांडपाणी ४.५, ब्रिटन ४, ऑस्ट्रेलिया २.५ (सगळे कायद्याचे), सिंगापूर २. आरोग्य सेतूलाही २, त्यातला अर्धा अँड्रॉइडचा सोर्स कोड मे २०२० मध्ये खुला केला म्हणून.